ठमाईचं काळतांबडं आसव

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा उंबरदरीच्या कड्यावर द्राक्षाचा एकच रानवेल होता. त्याची बारकी काळतांबडी द्राक्षं दुसरीकडे कुठेच धरत नसत, असं म्हणतात. ती खाऊन पाखरंसुद्धा झिंगत, म्हणून गाव त्या वेलाला भीत असे.

ठमाई नावाची एकटी बाई मात्र ती द्राक्षं तुडवून मडक्यांत आसव घाली आणि अशक्त बाळंतिणींना देई. बाळंतिणी उठून बसत, पण गाव तिच्याकडे तिरकंच बघे.

त्यातून येसजी पाटील म्हणजे ताटातली भाकरी उलटून बघणारा माणूस. त्याची दुभती म्हैस वेलाखाली चरली आणि त्याच दिवशी मेली. झालं. तो ठमाईच्या घरी गेला, मडक्याला कान लावला. आत काहीतरी कुजबुजत होतं. तो झटकन मागे सरला.

"ह्यात काय घालतीस?"

"द्राक्षं. दुसरं काय बी न्हाई."

"नऊ दिवस हात लावायचा न्हाई. मग गावाम्होरं उघडू. वंगाळ निघालं तर वेल तोडायचा आन तू गाव सोडायचं."

त्यानं मडक्यांच्या तोंडांवर चिकणमाती थापली.

ठमाईनं हात जोडले. "गच्च बांधू नगा, पाटील. त्याला वारा लागतो."

बाईला चोरून काही घालायला फट हवी आहे, हे पाटलानं लगेच ताडलं. त्यानं मातीचा आणखी एक थर चढवला.

चौथ्या दिवशी मडकी फुटली. त्या आवाजानं कडा हादरला, असं म्हणतात. तांबडा लोंढा चोथ्यासकट थेट पाटलाच्या दारात आला. चेटूक, चेटूक म्हणत गाव जमलं. पाटलानं स्वतःच्या हातानं वेल मुळापासून तोडला. ठमाईनं खापरीत उरलेलं आसव सगळ्यांदेखत पिऊन दाखवलं आणि ती दरी उतरून गेली.

पुढच्या पावसाळ्यात लोंढ्याच्या वाटेवर दगडादगडातून वेल फुटले. एक पाटलाच्या उंबऱ्याशीच. द्राक्षं धरली तेव्हा पाटलानं गुपचूप एक मडकं घातलं, आणि कुणी काही कालवेल म्हणून त्याचंही तोंड गच्च लिंपलं. तेही फुटलं. तेव्हा तो मटकन खाली बसला आणि रडला. मग मरेपर्यंत तो ठमाईला गावोगाव शोधत फिरला, असं म्हणतात.

आजही उंबरदरीत आसवाच्या मडक्यावर नुसतं फडकं टाकतात. पहिली वाटी घेऊन पाटलाच्या घरातलं वडील माणूस दरीच्या तोंडाशी जातं आणि हाक मारतं, "ठमाई, घरी चल." उत्तर येत नाही. मग सारं गाव आसव पितं. पाटलाच्या घरानं ते अजून चाखलेलं नाही.