चौथं शील

"भन्ते, एका दिवसापुरतं चौथं शील सोडता येतं का?"

विहाराच्या पायरीवर बसून भन्ते उपसेन चीवराचा उसवलेला काठ शिवत होते. त्यांची सुई थांबली नाही.

"कुणाला सोडायचंय?"

"मला नाही. वस्तीला."

"सगळ्या वस्तीला खोटं बोलायचंय?"

"एकदाच बोलायचंय. शनिवारी, जनसुनावणीत."

भन्त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"नाही," ते म्हणाले.

प्रशिक उभाच राहिला. संघमित्रानगरात बी.ए. झालेला तो पहिला. वस्तीच्या तोंडाशी त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि सगळ्या वस्तीचे अर्ज तोच लिहायचा. आपल्या अर्जाची भाषा वाचून साहेबलोक सुद्धा दचकतात, असं त्याला वाटायचं. नकार ऐकायची त्याला फारशी सवय नव्हती.

"भन्ते, तुम्ही पाहणीच्या दिवशी नव्हता. काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही."

"सांग."

तो सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचे कान लाल झाले.

संघमित्रानगराच्या एका अंगाला शहराचा कचरा डेपो होता. डोंगराएवढा. वस्तीतली निम्मी माणसं तिथेच कचरा निवडायला जायची, उरलेली त्याच रस्त्यावरच्या भंगारच्या दुकानांत राबायची. आता शहराच्या पलीकडे नवे टॉवर उभे राहिले होते. त्या टॉवरांचा कचरा टाकायला पालिकेनं दुसरी जागा काढली. कुठे, तर वस्तीच्या दुसऱ्या अंगाला, घरांच्या पाठभिंतींना टेकून. एका बाजूनं होताच, आता दोन्ही बाजूंनी.

त्याची पाहणी करायला मोठा साहेब आला. गाडीतून उतरला तोच नाकाला रुमाल लावून. तसाच गल्लीत फिरला. आणि रुमालाआडून त्यानं बायकांना विचारलं, "डेपोचा काही वास वगैरे येतो का तुम्हाला?"

"आणि माझी माय..." प्रशिकचा आवाज चिरकला. "माझी माय पुढं झाली आणि म्हणाली, नाही हो साहेब. कसला वास?"

भन्त्यांनी मान वर केली.

"साहेब हसला, भन्ते. रुमालाच्या आत हसला. सोबतच्या माणसाला म्हणाला, लिहा, रहिवाशांची तक्रार नाही."

"मायला विचारलंस?"

"विचारलं. म्हणते, मला येत नाही तर खोटं कशाला बोलू? सकाळीच विहारात पंचशील घेतलं होतं... मुसावादा वेरमणि." त्यानं पायरीवर मूठ आपटली. "शहरानं आपली घाण आमच्या दारात ओतायची, साहेबानं नाक झाकून शेरा मारायचा, आणि शील मात्र आम्हीच पाळायचं? हा कुठला न्याय?"

"माय खोटं बोलली का?"

"नाही. तेच तर दुखणं आहे!"

भन्त्यांनी सुई चीवराच्या काठात खोचली. बराच वेळ ते डेपोकडे बघत राहिले. तिथून धूर निघत होता, आणि घारी फिरत होत्या.

"शनिवारी पौर्णिमा आहे," ते म्हणाले. "शुक्रवारी सकाळी सगळ्यांना घेऊन लेणीवर जाऊ. मुक्काम करू."

प्रशिकला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही.

"भन्ते, शनिवारी दुपारी सुनावणी आहे!"

"दुपारपर्यंत येऊ."

"मला लोकांची तयारी करून घ्यायचीय. कुणी काय बोलायचं, कुणी आधी उठायचं..."

"लेणीवर करून घे," भन्ते म्हणाले. "आणि बायकांना सांग, पांढऱ्या साड्या इथं धुऊ नका. तिथं धुवा."

भन्त्यांचा शब्द वस्तीत कुणी मोडत नसे. शुक्रवारी टेम्पो भरून माणसं निघाली. डेपोच्या फाटकावर ठेकेदाराची पोरं पत्ते कुटत बसली होती. त्यातला एक ओरडला, "काय वकीलसाहेब, उद्या सुनावणी अन् आज सहल? जा, जा, हवा खाऊन या!"

प्रशिकनं ओठ चावला. त्या पोराचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग भन्त्यांचा आला.

लेणी शहरापासून लांब, उघड्या टेकडीवर होती. खाली दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं होतं. त्या पाण्यानं बायकांनी पांढऱ्या साड्या धुतल्या आणि खडकांवर वाळत घातल्या. माणसांनी अंघोळी केल्या. तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजली. कुणी गाणी म्हटली, कुणी नुसतंच उन्हात पाठ टेकली.

प्रशिक एकेकाला गाठत फिरत होता.

"माय, माझ्यामागं म्हण. वास सहन होत नाही."

"येतच नाही तर सहन काय होत नाही?"

"अगं, नुसतं म्हण ना!"

"तू म्हण. तुला तोंड दिलंय ना देवानं... नाही, देव नाही. मीच दिलंय," कौसाबाई म्हणाली, आणि भोवतीच्या बायका खो खो हसल्या. प्रशिकला तिथून उठावंच लागलं.

संध्याकाळी भन्त्यांनी सगळ्यांना लेणीत बसवलं. डोळे मिटायला सांगितले.

"श्वास आत येतोय... जाणा. श्वास बाहेर जातोय... जाणा."

प्रशिकनं डोळे मिटले नाहीत. बैठक उठली तसा तो भन्त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. दिवसभराचं साठलेलं आता आत मावत नव्हतं.

"भन्ते, माफ करा. पण आमच्या उरावर दुसरा डेपो बसतोय, आणि तुम्ही आम्हाला नाकाकडे बघायला सांगता?"

"हो."

"एवढंच?"

"नाकाकडेच बघ," भन्ते म्हणाले, आणि चीवर अंगाभोवती ओढून आडवे झाले.

सकाळी वंदनेसाठी बायका नटल्या. कौसाबाईनं साडी नेसायला उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. मग ती मुलाकडे आली.

"प्रशिक, हुंग बरं ही. साडीला काहीतरी झालंय."

त्यानं वैतागून साडी नाकाशी धरली. उन्हाचा वास. दगडाचा थोडासा. बाकी काही नाही.

"काही नाही गं. धुतलेली साडी आहे."

"तेच म्हणते. काहीच नाही." कौसाबाईनं साडी पुन्हा नाकाशी नेली. "ही साडी अशी कधीच नव्हती..."

वंदना आटोपली आणि टेम्पो परतीला लागले. जुन्या जकातनाक्यापाशी भन्त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव. सगळे उतरा. इथून चालत."

"भन्ते, उशीर होईल!"

"चल."

प्रशिक त्यांच्या बरोबरीनं चालू लागला. चालता चालता तो सांगत होता, आधी बचत गटाच्या बायका उठतील, मग तरुण मंडळ, मग तो स्वतः अर्ज वाचून दाखवील. बंद पडलेल्या पेट्रोलपंपाचं वळण आलं, आणि त्याचं वाक्य मधेच तुटलं.

घशात काहीतरी येऊन बसलं होतं.

त्याला वाटलं, जवळच जनावर मरून पडलंय. त्यानं रस्त्याच्या या कडेला बघितलं, त्या कडेला बघितलं. कुठे काही नव्हतं. पुढे नुसता त्याच्या घराकडे जाणारा रस्ता होता. सडलेलं, आंबलेलं, जळालेल्या प्लास्टिकचं, सगळं मिळून एक जाडजूड असं काही त्या रस्त्यावरून चालत येत होतं, आणि ते त्याच्या तोंडात शिरत होतं, जिभेवर बसत होतं...

तो कडेला वाकला आणि ओकला.

ओकता ओकता त्याला आपले अर्ज आठवले. प्रत्येक अर्जात त्यानं 'असह्य दुर्गंधी' लिहिलं होतं. तो शब्द त्यानं कुठल्याशा जुन्या अर्जावरून उतरवून घेतला होता.

मागून येणाऱ्या बायकांनी पदर नाकाला लावले. माणसांनी हात लावले. कुणी तरी म्हणालं, "आज काय जाळलंय रे मेल्यांनी?"

"आज काही नाही," दुसरं कुणी हळूच म्हणालं. "रोजचंच आहे."

भन्ते वळले. आजवर त्यांचा आवाज चढलेला वस्तीत कुणी ऐकला नव्हता.

"पदर खाली!"

पदर खाली आले.

"हात खाली!"

रस्त्यावर कुणी हलेना.

"श्वास आत येतोय... जाणा," भन्ते म्हणाले. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "श्वास बाहेर जातोय... जाणा. चला."

ते पुढे निघाले. मागे सगळी वस्ती निघाली, पांढऱ्या कपड्यांत, उघड्या नाकांनी. डेपोच्या फाटकावर तीच पोरं बसली होती. त्यातला कुणी आज ओरडला नाही. चालणाऱ्यांची तोंडं बघून पत्ते त्यांच्या हातातच राहिले.

फाटक ओलांडल्यावर कौसाबाई थांबली.

"ह्यात..." ती म्हणाली. "ह्यात मी पोरं पाजली?"

मागच्या बायका तिच्याभोवती थबकल्या.

"ह्यात मी रोज भाकरी थापते?"

विहारापुढच्या पटांगणात मंडप घातला होता. साहेब येऊन बसला होता. टेबलावर पाण्याची बाटली, पुढ्यात माईक, हातात रुमाल. वस्ती आत शिरली तशी त्यानं घड्याळात बघितलं, रुमाल नाकाशी नेला आणि पाहणीतलं वाचायला सुरुवात केली. मग मान वर केली.

"या बाई मागच्या वेळी होत्या ना? आपण म्हणाला होता, वास येत नाही."

प्रशिक उठू लागला. भन्त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. तो हात त्याला वाटलं होतं त्याहून जड होता.

कौसाबाई उभी राहिली.

"म्हणाले होते. खरं बोलले होते."

"मग आज काय म्हणणं आहे?"

"आज पण खरंच बोलते. साहेब, रुमाल काढा."

"काय?"

"रुमाल काढा. आणि मग विचारा, वास येतो का."

साहेबाचा हात रुमालासकट तिथेच राहिला.

"बाई, विषय भरकटवू नका..."

"काढा की!" मागून एक बाई उठली. "आमच्यासारखा एक श्वास घ्या. एकच! मग टाका दुसरा डेपो!"

"रुमाल काढा!" सगळा मंडप उठला. "रुमाल काढा!"

साहेबानं रुमाल काढला नाही. त्यानं दुसरा हात वर करून लोकांना बसायची खूण केली आणि समजुतीच्या सुरात माईकवर म्हणाला, "हे बघा, शांत व्हा. माणसाला कशाचीही सवय होते. तुम्हालाही होती. पुन्हा होईल."

"सवय?" कौसाबाई म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण तो शेवटच्या बांबूपर्यंत गेला. "ती तुमच्या गल्लीला लावा. तुमच्या पोरांच्या ताटाला लावा. आमच्या नाकाला सवय लावून आमचाच होकार लिहून नेता? लिहा आता! वास येतो! पहिल्यापासून येतो! लिहा!"

"लिहा!"

"पुढ्यात लिहा!"

साहेबानं लिहिलं. घाम पुसायला सुद्धा त्यानं तो रुमाल खाली घेतला नाही. लिहून झाल्यावर उठला आणि घाईघाईनं म्हणाला, "हरकत नोंदवली आहे. निर्णय मुख्यालयात होईल. पुढची तारीख पंधरा दिवसांनी." आणि गाडीत बसून काचा वर करून गेला.

मंडपात टाळ्या पडल्या. तरुणांनी जयभीमच्या घोषणा दिल्या. प्रशिकला कुणीतरी खांद्यावर घेऊ बघत होतं, तो सुटून भन्त्यांकडे आला.

"भन्ते, पंधरा दिवस मिळाले! आता मी असा अर्ज लिहितो..."

भन्ते डेपोकडे बघत होते.

दिवेलागणीला कौसाबाई विहारात आली. मागे आणखी दोघीतिघी. सगळ्यांचे चेहरे ओढलेले. कौसाबाईनं तीनदा वंदन केलं आणि तशीच बसून राहिली.

"भन्ते, तुम्ही हे काय करून ठेवलंत? भाकरी थापली, पण घशाखाली उतरेना. लेकरं उपाशी निजायला बघतात. कालपर्यंत सुखानं जेवत होतो हो..."

भन्त्यांनी मान हलवली.

"सांगा ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "हा वास जाईल ना?"

प्रशिक दारात उभा होता. तोही ऐकू लागला.

भन्त्यांनी चीवराचा काठ मुठीत आवळला.

"जाईल," ते म्हणाले. "पंधरा दिवस नुसते थांबलात, तर नाकातून नक्की जाईल."