मधली काळी काच

माणसाचं पाऊल उमटण्याच्या फार आधी, जमिनीच्या पोटात दोन खडक भाऊ खांद्याला खांदा लावून राहत. थोरल्याला एकच ध्यास होता, धाकट्यापासून सुटायचं.

"सरक तिकडे. तुझ्यापायी माझी कड झिजते."

"तूच सरक की, दादा! मोठा ना तू?"

एके दिवशी थोरल्याने होता नव्हता तो जोर लावला. जमीन हादरली. दोघे एकमेकांवर असे घासले गेले, की दोघांच्याही कडा तापून वितळल्या. तो रस फटीत भरला आणि बघता बघता थिजून काळी काच झाला.

थोरल्याने पुन्हा जोर लावला. तसूभरही हलता येईना.

"हे काळं कोण घुसलं मधे?" तो गुरगुरला. "त्याला म्हणावं, सरक."

"कुणाला म्हणू, दादा?" धाकटा म्हणाला. "अर्धा तू आहेस त्यात, अर्धा मी."