काळबोट्या सदोबाची काच

आमच्या टेंभवलीत एक नियम आहे. तो का आहे, हे विचारायचं नाही असं मला बोलता येऊ लागल्यापासून बजावलेलं आहे: तसबिरीच्या दिवशी बाईनं नदीच्या घाटावर उभं राहायचं नाही.

फार वर्षांपूर्वी, माणसं आपला चेहरा विहिरीच्या पाण्यात बघत त्या काळी, सदोबा तांबट बैलगाडीत लाकडी पेटी आणि काळा तंबू घालून गावात आला. काचेला लावायच्या औषधानं त्याची बोटं काळी पडली होती, म्हणून तो काळबोट्या. तो माणसाची सावली चिमटीत धरायचा, असं म्हणतात.

त्यानं गावातले पुरुष घाटाच्या पायऱ्यांवर उभे केले. मागे सगळं गाव दिसत होतं. "बारापर्यंत मोजीन. जो हलेल, त्याला काच विसरेल," असं सांगून त्यानं भिंगावरचं झाकण काढलं. तेव्हा वडाचं पान हललं नाही, खंड्या पाण्यावर टांगल्यासारखा राहिला, असं म्हणतात. तंबूतून ओली काच बाहेर आली. तिच्यात नदीचं दूध झालं होतं आणि पुरुष दगडात कोरल्यासारखे उभे होते. खालच्या पायरीवर बायका धुणी धूत होत्या, पाणी भरत होत्या. त्यांना थांबा असं कुणी म्हणालंच नव्हतं. तिथं नुसतं धुकं उमटलं.

यापुढचं फक्त बायका सांगतात. सदोबा ती काच घेऊन खाली उतरला. "बायांनो, बारा मोजेपर्यंत थांबा. तुमची वेगळी काढतो."

आमच्या घरची कृष्णाई घागर कमरेवर घेत म्हणाली, "चुलीवर डाळ ठेवून आलेय, दादा. करपली तर तू खाशील?"

सदोबा हसला. "मग पुढल्या चैत्रात येतो. तेवढी उसंत काढून ठेवा."

ती काच गावाला देऊन तो गेला, तो परत आला नाही. त्याच श्रावणात पूर आला आणि गाव वाहून गेलं. चिखलात ती काच तेवढी चमकत होती, तिला साधा तडाही नव्हता, असं म्हणतात. तिच्यात बघूनच गाव पुन्हा बांधलं: कुणाचं दार कुठं, देवळाचा कट्टा कुठं.

अजूनही चैत्री पौर्णिमेला, तसबिरीच्या दिवशी, सदोबाच्या पेटीसारखी रिकामी पेटी घाटावर मांडतात. पुरुष आपापल्या पूर्वजाच्या पायरीवर उभे राहतात. गुरव घंटेचे बारा ठोके देतो. तेवढा वेळ कुणी हलत नाही. हलला, तर काच त्याचं घर विसरते. लहानपणी मी हे देवळाआडून बघायचे, श्वास रोखून. गावात मला याहून लाडकं काही नव्हतं.

यंदा मी खाली उतरले आणि धुक्याच्या पायरीवर उभी राहिले.

"पोरी, वर हो!" वरच्या पायरीवरून म्हातारे भिवाआबा ओरडले. "बाई काचेत टिकत नाही. काच खोटं बोलते होय?"

"खरंच बोलते, आबा. तुमचे नुसते उभे होते, आमच्या कामात होत्या."

"हेच शिकवतात का कॉलेजात?"

"सदोबानं आम्हाला बारा आकडे कबूल केलेत. मी वर येणार नाही."

आबांनी काठी उगारली. तेवढ्यात पहिला ठोका पडला.

काठी हवेतच राहिली. उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. बारा ठोके झाले, बाराव्याचा नाद पाण्यावर विरला, आणि धुक्याच्या पायरीवर मी न हलता उभी होते.