चिमेनं अडवलेला दसरा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी तेव्हा नव्हते, आणि जे होते त्यांना वर्षं मोजायला सवड नव्हती. एवढं मात्र आधीच सांगते, की ज्याला ही गोष्ट पटणार नाही त्यानं शेवटी बोलावं. मध्ये तोंड घातलेलं मला खपत नाही.

तेव्हा आपल्या हिरडेमेटला रस्ता नव्हता. खाली कोकण, वर देश आणि मधे ही खिंड. खिंड एवढी अरुंद, की दोन बैल समोरासमोर आले तर एकाला मागं सरावं लागे. मेट म्हणजे राखणदारांची वस्ती. आपले वाडवडील या खिंडीची राखण करायचे आणि त्यावरच जगायचे. कोकणातून मीठवाले बैलांवर गोण्या लादून चढून यायचे, खिंडीच्या माथ्यावरच्या देवीच्या दगडावर मूठभर मीठ टाकायचे आणि मग पुढं जायचे. मीठ टाकल्याशिवाय कोणाला वर सोडत नसत. सावकाराचा बैल असो नाहीतर भिकाऱ्याचं गाढव.

राखणीचा मान घराघराचा असायचा. प्रत्येक घराचा एक भाला. नवरात्रात सगळे भाले घाटजाईच्या देवळात मांडायचे आणि दसऱ्याच्या सकाळी गावाचा नाईक एकेक भाला हातात घेऊन विचारायचा, "हा भाला कुणाचा?" मग त्या घरचा गडी पुढं व्हायचा, "माझा" म्हणायचा आणि भाला उचलायचा. की झाला तो वर्षभराचा राखणदार. ज्या भाल्याला "माझा" म्हणणारं कोणी नसेल, तो देवळाच्या आढ्याला खुंटीवर टांगायचे. भाला टांगला की ते घर राखणीतून उठलं. राखणीची जमीन गेली आणि पंगतीतला पाटही गेला. मग त्या घरानं दुसऱ्यांच्या बांधावर राबावं आणि मान खाली घालून जगावं.

भाले उचलून झाले की सगळे गडी शिलंगणाला निघायचे. ओढ्याच्या पलीकडं गावाची सीमा, तिथं तो सीमेचा धोंडा आहे. तो ओलांडून आपट्याच्या झाडापर्यंत जायचं, पानं लुटायची आणि परत यायचं. शिलंगण चुकलेल्या गड्याचा भाला वर्षभर नीट लागत नाही, असा समज होता, म्हणून एकही गडी मागं राहायचा नाही. बायकांना सीमा ओलांडायची बंदी होती. त्यांनी ओवाळणीची ताटं घेऊन धोंड्याजवळ थांबायचं, आणि ओवाळल्याशिवाय गड्यांनी गावात पाऊल टाकायचं नाही. अशी रीत. आता तुम्हीच बघा शहाणपण. राखणदारांनी राखण सोडायची, आणि तीही राखणीचाच सण म्हणून. पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. रीत म्हटली की माणसाचं डोकं सुट्टीवर जातं.

तर अशा गावात लहानू नावाचा राखणदार होता. त्या पावसाळ्यात तो कड्यावरून घसरला, कंबर मोडली आणि खाटेला खिळला. त्याला मुलगा नव्हता. लेक होती, चिमा. तिला नवऱ्यानं टाकली म्हणून ती माहेरी आली होती, असं म्हणतात. माझं म्हणणं, तिनंच त्याला टाकला असणार.

चिमा अंगानं लहान, पण तिची गोफण सगळ्या घाटात ठाऊक होती. पिकं दाण्यात आली की पोरीबाळी शेतातल्या माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं हाकायच्या, तशी तीही हाकायची. असं म्हणतात, उडत्या पोपटाच्या चोचीतलं नाचणीचं कणीस ती पाडायची आणि पोपटाच्या पिसालाही धक्का लागायचा नाही. कणीस पडायचं आणि पोपट तसाच चोच उघडी ठेवून उडत राहायचा.

त्या दसऱ्याला देवळात भाले मांडले होते. कुशाबा नाईकानं लहानूचा भाला उचलला आणि हळूच विचारलं, "हा भाला कुणाचा?" त्याला वाटलं होतं, कोणी बोलणार नाही.

"माझा," चिमा म्हणाली आणि पुढं आली.

एक जण हसला आणि त्याचं बघून सगळे हसले. कुशाबा मात्र हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता बरं का. त्याची धाकटी बहीण गोदू लुटारूंनी पळवून नेली होती, ती पुन्हा कधी दिसली नाही. त्या दिवसापासून तो पोटभर हसला नव्हता.

"चिमे," तो म्हणाला, "हे पाखरं हाकणं नव्हे. इथं समोर माणूस असतो. तुला त्यांनी धरली तर काय करतील, ठाऊक आहे का? आमच्या गोदूला..."

"काका, गोदूआत्याला नेलं तेव्हा ती कुठं होती?"

"घरात. चुलीपुढं."

"म्हणजे चौकीवर होती म्हणून नाही नेली. हातात काही नव्हतं म्हणून नेली."

मुद्दा हरला की माणूस रीत काढतो. "बाईनं भाला उचलायची रीत नाही," तो म्हणाला. त्यानं स्वतः शिडी लावली आणि लहानूचा भाला आढ्याला टांगला. मनात वाईट वाटलं असेल, पण टांगला तो टांगलाच.

गडी वाजतगाजत सीमेकडं निघाले. चिमा घरी गेली नाही. बापाला काय तोंड दाखवणार? तिनं गोफण कमरेला खोचली, ओच्यात गोटे भरले आणि खिंडीच्या चौकीवर जाऊन बसली. भाल्याला हात लावायची बंदी होती, चौकीवर बसायची बंदी कोणी घातली नव्हती. घालावी लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

ऊन चढलं तशी खालून बैलांची माळ आली. पाठीवर गोण्या, गळ्यात घुंगरं, पुढं एक दाढीवाला. माथ्यावर चिमा उभी राहिली आणि म्हणाली, "देवीचं मीठ टाका."

दाढीवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं. "चौकीवर गडी कोणी नाही का?"

"चौकीवर मी आहे. मीठ टाका."

"टाकू की परतताना."

"परतताना मीठ कुठलं राहायला? आत्ता टाका. एक मूठ."

आता टाकणार काय? गोण्यांत मीठ नव्हतंच. होता तो पेंढा, आणि पेंढ्यात तलवारी. आपल्या दसऱ्याची खबर खाली पोचली होती, की या दिवशी मेटावर कुत्रंसुद्धा राखणीला नसतं. सगळं गाव लुटायचं आणि बायका बांधून न्यायच्या, असा त्यांचा बेत होता. मूठभर मिठानं तो उघडा पाडला.

दाढीवाल्यानं गोणीत हात घातला. त्याचा हात तलवारीसकट बाहेर येतो न येतो तोच गोटा मनगटावर बसला आणि तलवार दरीत गेली. दुसरा आला, गोटा त्याच्या गुडघ्यावर बसला. खिंड अरुंद, एकावेळी एकालाच वर येता येई, आणि जो येई तो लोळे. बैलांना मात्र तिनं एकही दगड मारला नाही. ते बिचारे मुकाट कडेला उभे होते.

गोफणीचा फटकारा दूरवर गेला. माळ्यांवरच्या पोरींनी तो ऐकला आणि त्यांना कळलं, की हा पाखरांवरचा फटकारा नव्हे. त्यांनी आपापल्या गोफणी घेतल्या आणि धावल्या. पण त्या पोचेपर्यंत चिमा एकटी होती. असं म्हणतात, तिच्या ओच्यातले गोटे संपले, तेव्हा डोंगरानंच तिच्या हातात गोटे द्यायला सुरुवात केली. तिनं हात मागं करायचा आणि हातात गोटा यायचा. असं म्हणतात, एक गोटा तिनं असा सोडला, की माथ्यावरचा हत्तीएवढा धोंडा दुभंगला आणि अर्धा खाली गडगडत गेला. ज्याला खोटं वाटतं त्यानं खिंडीत जाऊन उरलेला अर्धा बघावा.

एक जण मात्र कड्याकडून चढून आला आणि त्याची तलवार चिमेच्या डाव्या हातावर पडली. हात कायमचा निकामी झाला. गोफणीची दोरी तिनं दातात धरली आणि उजव्या हातानं फिरवत राहिली. मग पोरी आल्या, आणि खिंडीत दगडांचा पाऊस पडला. जे खाली पळाले ते पुन्हा दिसले नाहीत.

तिसऱ्या प्रहरी गडी आपट्याची पानं घेऊन गात गात परतले. सीमेच्या धोंड्याशी बायका उभ्या होत्या. हातात ताटं, ताटात दिवे, कमरेला गोफणी. मधे चिमा, डावा हात पदरात बांधलेला आणि पदर रक्तानं भिजलेला. नाईकाची बायको भागा पुढं झाली आणि तिनं सगळं सांगितलं. गाणं थांबलं. कुशाबाच्या डोळ्यांना धार लागली. त्याला गोदू आठवली असणार.

"पोरी, तू साक्षात घाटजाई आहेस," तो म्हणाला. "हिची ओटी भरा. हिला हिरवं लुगडं द्या, खण द्या, नारळ द्या."

"लुगडं आहे माझ्याकडं," चिमा म्हणाली. "माझ्या घरचा भाला आढ्यावर आहे. तो द्या."

"त्याचं मागनं बघू. आज वेळ तशी आली म्हणून..."

गरज सरो, वैद्य मरो, तसलीच ही तऱ्हा. चिमेचं रक्त अजून वाळलं नव्हतं.

"काका, वेळ आली की मी चंडी, आणि वेळ टळली की चूल," चिमा म्हणाली. "हे मला नको. आणि देवीही करू नका मला. देवी केली की देवळात बसवाल. मला चौकीवर बसायचंय. ऊनपावसात, रोज, माझा भाला घेऊन."

"बाईनं भाला उचलायची रीत नाही, चिमे."

तेव्हा भागानं आपलं ताट छातीशी धरलं आणि दिव्यावर पदराचा आडोसा केला. तिचं बघून सगळ्या बायकांनी ताटं मागं घेतली.

"भागे, ओवाळ," कुशाबा म्हणाला.

"न ओवाळता आत यायचं नाही, ही पण रीतच आहे," भागा म्हणाली. "भाल्याची रीत मोडा, नाहीतर ओवाळणीची मोडून तसेच आत या. कुठली मोडायची ते धन्यांनीच ठरवावं."

झालं. सगळ्या गावाचे राखणदार, हातात भाले, आणि स्वतःच्याच सीमेवर अडकले. आत यावं तर न ओवाळता आलेल्याचं वर्ष वाईट जातं म्हणतात. बाहेर राहावं तर घराघरांतून पुरणाचा वास येतोय. एक तरणा गडी म्हणाला, "चला, तसेच घुसू." त्याचा चुलता म्हणाला, "तुझा बाप कधी घुसला होता का?" मग तोही मागं सरला. सकाळी हसलेले सगळे आता पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. सूर्य कलला. बायका दिव्यांत तेल घालत राहिल्या, पण ओवाळायला एकही हात पुढं झाला नाही. चिमेला उभं राहवत नव्हतं. दोन पोरींनी तिला धरलं होतं, तरी ती बसली नाही.

कुशाबा धोंड्यावर बसून तिच्या हाताकडं बघत होता. शेवटी उठला. अलीकडच्या बायकांना आणि पलीकडच्या गड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "लहानूच्या घरचा भाला कुणाचा?"

"माझा."

"मग उचल."

चिमा देवळात गेली. पोरींनी शिडी धरली, आणि एका हातानं तिनं आढ्यावरचा भाला काढला. आधी ती घरी गेली आणि बापाच्या खाटेशी उभी राहिली. लहानूनं पडल्यापडल्या भाल्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गंज चढलाय. तेल लाव." एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून पोटभर रडला.

मग ती सीमेवर आली. ओवाळून घ्यायला थांबली नाही. धोंडा ओलांडला, गड्यांच्या मधून चालत आपट्यापर्यंत गेली, एक पान तोडलं आणि परत आली. त्या दसऱ्याला पहिली ओवाळणी चिमेची झाली. तिच्यानंतर गडी, रांगेनं.

पुढं केस पांढरे होईपर्यंत ती चौकीवर बसली. असं म्हणतात, ती मेलीच नाही. एका पावसाळ्यात धुकं आलं, ती चौकीवर बसली होती, आणि धुकं गेलं तेव्हा भाला भिंतीला नीट टेकवून ठेवलेला होता, तेल लावलेला. अजून वारा सुटला की खिंडीत गोफण फिरल्यासारखा आवाज येतो.

आता रस्ता झाला, घाटातून गाड्या जातात, राखण कोणी करत नाही. पण खिंडीला चिमेची खिंड म्हणतात, आणि ट्रकवालेसुद्धा थांबून देवीच्या दगडावर मीठ टाकतात. फौजेच्या भरतीला जाणारी प्रत्येक पोर त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवून गाडीत बसते. बाईनं लढावं की नाही, यावर शहाणी माणसं अजून वाद घालतात म्हणे. घालू देत बापडी. आमच्याकडं त्याचा निकाल एका दसऱ्याला लागला.

देवळाच्या आढ्याची ती खुंटी अजून तिथंच आहे. त्यानंतर तिच्यावर काही टांगलेलं नाही. आणि दसऱ्याला गडी शिलंगणाहून परतले, की सीमेवर थांबतात. देवळात नाईकाच्या घरची बाई चिमेचा भाला हातात घेते आणि जमलेल्या पोरींना विचारते, "हा भाला कुणाचा?" एखादी पुढं होते, तो उचलते आणि सीमा ओलांडून परत येते. तोवर गड्यांना कोणी ओवाळत नाही. इतकी वर्षं झाली, दुष्काळ आले, साथी आल्या, निम्मं गाव पोटासाठी शहरात गेलं. पण तो प्रश्न अजून एकाही दसऱ्याला दोनदा विचारावा लागलेला नाही.