सावली शिवणारा एकच

एका राज्यात राजपुत्राची सावली उसवली. आधी तिचे काठ विरले, मग हात गेले, आणि सावली झिजू लागली तसतसा पोरगाही विरळ होत चालला. सावली शिवणारा जादूगार ठाऊक होता तो एकच, अंगारक. त्याने सुईत दोरा ओवून ठेवला आणि आधी सोनं मागितलं.

सोनं होतं भांडारात, आणि भांडाराचं दार शापित होतं. सोनं देऊन जी वस्तू किंवा जे काम घ्यायचं, ते देणारे तिघे समोर उभे केले तर ते मुकाट्याने उघडे. एकाच्याच हातून घ्यायचं असेल तर कारण विचारी, आणि कारण खोटं निघालं की भांडारी उभ्या जागी दगड होई. असे तीन दगड तिथे उभे होते. तिसरा म्हणजे आत्ताचा भांडारी हरिपाळ याचे वडील. जन्मात खोटं न बोललेला माणूस दगड कसा झाला, हे कोडं हरिपाळाला कधी सुटलं नव्हतं.

"दुसरा कोणी नाही, एवढंच म्हण," राजा म्हणाला. वडीलही नेमकं तेच म्हणाले होते. राजाला सांगायला काय जातं, दगड व्हावं लागे भांडाऱ्याला. हरिपाळाने शोध घेण्यापुरती सवड मागितली. राजाने आपला उडता घोडा दिला आणि दिवस मावळायच्या आत परत ये म्हणून बजावलं.

आधी तो जादूगारांच्या बाजारात गेला. तिथे घोड्यांच्या सावल्या शिवणारा भेटला, पण माणसाच्या सावलीला हात लावायला तो धजेना. मग तो तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या चेटकिणीकडे उतरला. ती पूर्वी शिवत असे, आता तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. शेवटी तो कड्यावरच्या गिधाडाकडे गेला.

"सात राज्यं मी पाहिली, तिथे कोणी नाही," गिधाड म्हणालं. "आठवं मी पाहिलेलं नाही."

आठव्या राज्याइतका दिवस उरला नव्हता. इतकी वणवण करून हाती लागली ती शंकाच, आणि तीच घेऊन हरिपाळ परतला.

दारापुढे राणी पोराला घट्ट धरून बसली होती. पोराच्या अंगातून पलीकडची भिंत दिसत होती.

"एकाच्याच हातून का?" दाराने विचारलं.

हरिपाळाची नजर वडिलांच्या दगडी चेहऱ्यावर गेली.

"दुसरा नाहीच, असं मला म्हणवत नाही," तो म्हणाला. "बाजारात, तळ्यात, सात राज्यांत शोधला, मिळाला नाही. आठव्यात असेलही. पण तिथे जाऊन येईपर्यंत हे मूल उरणार नाही. म्हणून अंगारकाकडूनच शिवून घेतो."

राजाने डोळे मिटून घेतले. इतकं खरं कारण त्या दाराने कधी ऐकलंच नव्हतं. ते उघडलं आणि शाप सुटला. अंगारकाने सोनं घेऊन टाचेपाशी टाके घातले, तसा राजपुत्र भूक लागली म्हणून रडू लागला.

तिन्ही दगड हलले. वडिलांनी पापण्यांवरची धूळ पुसली आणि काय बोललास म्हणून लेकाला विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

"मी कुठे शोधायलाच गेलो नव्हतो," म्हातारा म्हणाला. "आणि मला ठाऊक नाही, असं राजापुढे म्हणायची लाज वाटली."

मग बापलेक मिळून राजपुत्राला पाहायला गेले. तो अंगणात स्वतःच्याच सावलीवर पाय देत नाचत होता, आणि त्या राज्यात पुन्हा सगळं जागच्या जागी आलं.