पापडाची हलगी

त्या राज्यात ऊन कधी पोचलेच नव्हते. राज्य म्हणजे एक लांबलचक, आतड्यासारखा वळणावळणाचा बोगदा. मधून संथ, गढूळ प्रवाह वाहायचा आणि दोन्ही भिंतींत लाखो आड खोदलेले होते. प्रत्येक आडाच्या तळाशी मऊ माती होती आणि त्या मातीतून माणसे घडत. घडलेल्याने रोज एक पायरी चढायची, पाचव्या पायरीवर काठ आला की शेजाऱ्यांना रामराम करायचा आणि प्रवाहात उतरायचे. यात कोणी रडत नसे, कारण तळाशी दुसरा तयार झालेला असे. हे कधीपासून चालले होते कोणास ठाऊक, पण बरे चालले होते.

सूर्यच नसल्यामुळे दिवस मोजायचा तो हलगीवर. चौथ्या पायरीवरच्याने सकाळची एक थाप मारायची. थाप पडली की तळाशी एक नवा माणूस घडे. आता गंमत अशी, की त्या हलगीला कातडे नसे. उडदाचा ओला पापड ताणून बसवलेला असे. थाप झाली की पाचव्या पायरीवरच्याने तो पापड मोडायचा, तुकडा तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवायचा आणि मग उतरायचे. पापड मोडला की बाकीचे एकेक पायरी वर सरकत. मोडेपर्यंत मात्र कोणी पाऊल हलवायचे नाही, असा कडक रिवाज होता.

अशाच एका आडात भागूजी नावाचा गृहस्थ चौथ्या पायरीवर आला. अंगाने गुटगुटीत, बोलायला गोड, पण मनातून पुरता घाबरलेला. उद्या आपल्याला उतरायचे, हा एकच विचार त्याच्या डोक्यात. त्याच्या वरच्या पायरीवर पुतळाबाई उभी होती. ती त्याच्याहून एका दिवसाने मोठी, म्हणजे तिकडच्या मानाने चांगली वडीलधारी.

भागूजीने थाप मारली. पुतळाबाईने पापडाकडे हात नेला, तशी त्याने हलगी हळूच मागे घेतली.

"राहू द्या हो पुतळाबाई. तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही व्हा पुढे, पापड मी मोडतो."

"विसरायचा नाहीस ना रे बाबा?"

"छे! तुमची शपथ."

पुतळाबाईने बिचारीने विश्वास ठेवला, पदर खोचला आणि हसत हसत प्रवाहात उतरली. इकडे भागूजीच्या हातात पापड अख्खाच राहिला. पापड मोडला नाही, म्हणजे कोणी हलायचे नाही. कोणी हलायचे नाही, म्हणजे भागूजीला पाचवी पायरी नाही! त्याला इतका आनंद झाला, की त्याने हलगीवर आणखी एक थाप ठोकली.

तळाशी आणखी एक घडला. मग काय विचारता? थापेवर थाप, थापेवर थाप. पापडही वाळून असा खणखणीत झाला, की आता तो सहजी मोडेना. तळाशी माणसे पटापटा निपजू लागली. घाईघाईत कुणाला गुडघे बसवायचे राहिले, कुणाला मान, पण भूक मात्र सगळ्यांना चोख बसली होती. गुडघ्यांशिवाय पायरी चढता येईना, म्हणून ती एकमेकांच्या डोक्यावर बसत वर आली. आड तुंबला, काठावरून फुगून बाहेर आला आणि प्रवाहात अळंबीसारखा गोल गरगरीत गुबारा डुलू लागला.

शेजारच्या आडांना हेवा वाटला. "काय भरभराट आहे हो तुमची! आमच्याकडे आपला रोज एकच." भागूजी नम्रपणे म्हणायचा, "सगळी तुमची कृपा." आणि ती खरोखर त्यांचीच होती, कारण त्यांच्या वाट्याचे अन्न भागूजीच्या मंडळींनी केव्हाच आपल्याकडे वळवले होते. एकदा राज्याचे पहारेकरी तपासायला आले. त्यांनी चेहरे निरखले, सगळे भागूजीच्याच वळणाचे. "घरचीच माणसे दिसतात," म्हणून ते परत गेले.

एकदा मात्र भागूजीला पुतळाबाईचे हसणे आठवले आणि फार वाईट वाटले. वरून दाटी, खालून रेटा. चौथ्या पायरीवर त्याला धड श्वासही घेता येईना. त्याने पापडावर अंगठा टेकला. जोर लावला असता, तर अजूनही मोडला असता. इतक्यात खालून कोणी बिनगुडघ्याचा ओरडला, "आबा, मोडू नका! तुम्ही गेलात तर आम्हाला कोण?"

आबा! भागूजीने तो शब्द स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून पाहिला. त्याने अंगठा काढला आणि डोळे पुसत थाप मारली.

पुढे एके दिवशी प्रवाहाला वरून असा काही लोंढा आला, की साऱ्या बोगद्याचा गाळ धुऊन निघाला. भिंती स्वच्छ झाल्या, तळ कोरडा पडला. आडाआडांतून घबराट उडाली. भागूजी तेवढा शांत होता.

"घाबरता काय, वेड्यांनो? कोणी बडी असामी येणार असली की रस्ते असेच धुतात."

आणि खरेच, खालच्या टोकाकडून उजेड आला. त्या राज्यातला पहिला उजेड! वळणे घेत घेत एक लांबच लांब काळी मान पुढे सरकत आली. मानेच्या टोकाला एकच डोळा होता. इतर आडांवरून तो झरझर पुढे गेला आणि भागूजीच्या गुबाऱ्यापाशी थांबला. या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले, जवळ येऊन पाहिले.

"बघा, बघा! लाखांतून आपल्यालाच हेरले," भागूजी हर्षाने ओरडला. सगळ्यांनी एकच गलका केला. हलगी कडाडली.

डोळ्याच्या शेजारून एक चकचकीत तार बाहेर आली. तिचा हळूहळू सुरेख गोल झाला आणि तो गोल गुबाऱ्याच्या वरून अलगद खाली देठाकडे उतरू लागला.

भागूजीने हलगी बाजूला ठेवली, मुंडासे नीट केले आणि हार नीट पडावा म्हणून मान पुढे केली.