शिदोरीची गाठ

"कवच शाबूत आहे, मग लस लागू का पडत नाही, बुवा?"

हेमांगीने हे मठाच्या पायरीवर टेकण्याआधीच विचारलं. एवढी नावाजलेली संशोधक, पण इथे आली की दम न घेता बोलायची खोड काही गेली नव्हती.

दिगंबरबुवा शेंगा फोडत होते. "कसलं कवच?"

तिने सांगितलं. लहान मुलांना टोचायला नको, तोंडानेच देता येईल अशी लस ती करत होती. पोटातल्या आम्लात लस नासते. म्हणून तिच्याभोवती पॉलिमरचं कवच चढवायचं, आतड्यात पोचलं की विरघळून जाणारं. एकेक कण धुळीएवढा.

"उंदरांना तीनदा दिली. तिन्ही वेळा फुकट. दरवेळी मी कवच आणखी भक्कम केलं. आता दिवसभर आम्लात ठेवा, ढिम्म हलत नाही! असं कवच कुणालाच जमलेलं नाही."

"वा."

"पुढच्या महिन्यात शेवटची चाचणी आहे. तीही फसली, तर काम बंद..."

बुवा उठून आत गेले. येताना फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला. आई गेल्यापासून शाळा संपेपर्यंत, शाळेला डोंगर उतरताना रोज तिच्या हातात बुवांनी दिलेली हीच शिदोरी असायची.

"जेव. उपाशी आलीयस."

गाठ सुटेना. तिने नखं लावली, मग दात लावले. निरगाठ होती, तीही फडकं ओलं करून आवळलेली.

"अहो, ही कसली गाठ!"

"भक्कम आहे. दिवसभर हलायची नाही."

ती हसायला गेली आणि थांबली. भाकरी हाताला गरम लागत होती. भूक तशीच होती...

"माझी लस आतड्यापर्यंत जाते," ती हळूच म्हणाली, "आणि बांधलेलीच बाहेर पडते."

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

हेमांगीचे डोळे भरून आले. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"आठ वर्षं तुम्ही मला जेवू घातलंत, बुवा. भाकरी आठवते, ठेचा आठवतो. पण गाठ कशी सोडायचे, ते एकदाही आठवत नाही."

"आठवत नाही?"

"नाही..."

"मग शिदोरी पोचत होती, पोरी."